त्याच्या तोडीचा

५ जानेवारी

ताई,

साष्टांग नमस्कार घातला की तू चिडतेस, म्हणून नुसता नमस्कार. खिंडीच्या अलीकडे फोन अजून लागत नाही, म्हणून मी तो घेतलेलाच नाही. त्यामुळे हे पत्र तुमच्या दुकानाच्या व्हॅनवाल्याबरोबर, म्हणजे आपल्या 'गुरुवार'बरोबर पाठवतोय. त्याचं खरं नाव वस्तीत कोणालाच ठाऊक नाही. दर गुरुवारी माल घेऊन येतो, म्हणून गुरुवार.

कामाचंच बोलतो. दुसऱ्यांच्या घरी विजेवरच्या गाडीचे चार्जर बसवत फिरणाऱ्या या तुझ्या आतेभावाच्या घरचा चार्जर रुसलाय. संध्याकाळी गाडीला चार्जरची गन लावावी आणि सकाळी उठून बघावं, तर वीज गळली की लाइन तोडणारा तो आरसीसीबी पडलेला आणि बॅटरी जशीच्या तशी रिकामी. हल्ली धुकं पडतंय. धुकं असलं की हटकून पडतो. अर्थिंग मी स्वतः खडक फोडून केलंय, वायरिंग दोनदा तपासलं, कुठे काही नाही. तो आरसीसीबीच म्हातारा झालाय, उगाच घाबरून लाइन तोडतो, असं माझं मत.

दुसऱ्या कोणाचं घर असतं तर महिनाभर थांबा म्हटलं असतं. पण तुझ्या वहिनीचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, तेही तुमच्या शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि परतायची घाई, म्हणून तुझ्याकडे डोकावणंही होत नाही. बस बंद झाली. वस्तीत दुसरं वाहन म्हणजे खाणीचा डंपर. गेल्या आठवड्यात गाडी चार्ज झाली नाही आणि डायलिसिसची एक पाळी हुकली. दुसऱ्या दिवशी तिला आडवं होता येईना, श्वास पुरेना. उशीला टेकून बसून राहिली आणि मला म्हणते, तुम्ही झोपा. कसा झोपणार? शेवटी डंपरमध्ये घालून नेली. खड्ड्यांनी तिचे असे हाल झाले, की परत आल्यावर दोन दिवस ती अंथरुणावरून उठली नाही.

जुना आरसीसीबी या पत्रासोबत देतोय. अगदी हाच पाठव. नसेल तर त्याच्या तोडीचा. पण पाठव, ताई. माझं डोकं चालेनासं झालंय.

तुझा,
फ्यूज

१२ जानेवारी

फ्यूज,

लहानपणी आजोबांच्या घरची फ्यूज उडवून तू हे नाव कमावलंस, आणि आता फ्यूज उडते म्हणून मलाच पत्र लिहितोस! बरं, थट्टा पुरे. तुझं पत्र काउंटरवर उभ्याउभ्या वाचलं. पुढच्या गिऱ्हाइकाने मागितलेल्या होल्डरऐवजी त्याला मी घंटीचं बटण दिलं.

तू पाठवलास तसा आरसीसीबी आमच्याकडे नाही. कंपनीला फोन केला, तर ते म्हणतात, मागणी नोंदवून ठेवा. त्यांच्या 'नोंदवून ठेवा'चा अर्थ मी इतकी वर्षं या काउंटरवर शिकले आहे. म्हणून दुसरा पाठवतेय. अँपिअर तेच, गळतीचा आकडा तोच, मापही तेच, डीबीच्या पेटीत चपखल बसेल. त्याच्या तोडीचाच आहे. दिवसातून पन्नास वेळा हे वाक्य मी म्हणते, पण या वेळी डबी दोनदा उलटसुलट करून बघितली.

वहिनीला म्हणावं, इकडे येऊन राहा. एका खोलीत आम्ही सगळे आणि खाटेवर सासूबाई, हे खरं आहे. पण माणूस मावतो रे, मनात असलं की. तिला सांग, ताईने नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलेलं नाही.

बसवलास की कळव. माझा जीव टांगणीला लागलाय.

ताई

१९ जानेवारी

ताई,

तुझ्या हाताला यश आहे! बसवल्यापासून एकदाही पडला नाही. परवा तर असं धुकं होतं, की फाटक दिसत नव्हतं. तरी सकाळी गाडी काठोकाठ भरलेली. जीव भांड्यात पडला म्हणजे काय, ते मला परवा कळलं.

मी आंधळेपणाने विश्वास ठेवणारा नाही, तुला माहीत आहे. रोज सकाळी गन काढली, की टेस्टचं बटण दाबतो. टक्क करून पडतो. ठणठणीत आहे.

तुझ्या वहिनीच्या सगळ्या पाळ्या वेळेवर झाल्या. काल परत येताना गाडीत गुणगुणत होती. सूर चुकला म्हटलं, तर म्हणाली, चुकू दे, तुम्ही रस्त्याकडे बघा. तुझ्याकडे राहायला यायचं मात्र नाव काढत नाही. दुसऱ्याच्या घरी आजारपण काढायचं नाही, हा तिचा हट्ट. तो मोडायची हिंमत माझ्यात नाही. तू प्रयत्न करून बघ.

फ्यूज

२६ जानेवारी

फ्यूज,

हे पत्र वाचत असशील तिथून आधी ऊठ, मेन स्विच पाड आणि मग पुढचं वाच.

पाडलास? आता ऐक. काल आमच्या दुकानात चार्जरच्या कंपनीने वायरमन लोकांचा वर्ग घेतला. चहा देता देता मीही मागे उभी राहिले. शिकवणारी बाई म्हणाली, गाडीच्या बॅटरीची वीज एकाच दिशेने वाहणारी. तिची गळती झाली तर साधा आरसीसीबी ती ओळखत नाही. ओळखत नाही एवढंच असतं तर ठीक होतं. पण त्या गळतीने तो आंधळाच होतो. मग माणूस चिकटून मरत असला, तरी तो ढिम्म बसून राहतो, लाइन तोडत नाही. चार्जरसाठी वेगळ्या जातीचा लागतो. तिने तो हातात धरून दाखवला आणि मी तो ओळखला. तू मला पाठवलेला जुना हुबेहूब तसाच होता. मी तुला पाठवला तो साधा.

तुझा जुना आरसीसीबी म्हातारा झाला नव्हता रे. तो खरं सांगत होता. तुझ्या चार्जरमध्ये नाहीतर गाडीत गळती आहे, धुक्यात ती वाढते, आणि तो तुम्हाला वाचवायला लाइन तोडत होता. तू सकाळी बटण दाबतोस ते गन काढल्यावर. तेव्हा गळती नसते, म्हणून तो पडतो. चार्जिंग चालू असताना तो कशालाच पडणार नाही.

बाईला मी तुझ्या खडकाबद्दलही विचारलं. ती म्हणाली, खडकाळ जमिनीत अर्थिंग कितीही जीव ओतून केलं तरी कमीच पडतं, तिथे सगळी भिस्त त्या आरसीसीबीवर.

अँपिअर तेच, आकडा तोच, म्हणून मी मान डोलावून तो खोक्यात टाकला. शिव्या नंतर घाल. आत्ता तो चार्जर वापरू नका, गनला हात लावू नका. मी दुसरा चार्जर शोधतेय. एकदोन पाळ्यांसाठी टॅक्सी मिळते का, तेही बघतेय. या पत्राचं उत्तर गुरुवारबरोबर लगेच पाठव. नुसतं 'बंद केला' एवढं लिही.

ताई

२ फेब्रुवारी

ताई,

गेल्या खेपेला तुझ्या मालाच्या खोक्यात नुसते स्क्रू आणि क्लिपा. पत्र नाही, निरोप नाही. मालक फार काम करून घेतोय का?

आमच्याकडे सगळं छान. एक गंमत सांगतो. तुझ्या वहिनीने चार्जिंगचं खातं माझ्याकडून काढून घेतलंय! संध्याकाळी गन तीच लावणार, सकाळी तीच काढणार, मी जवळ गेलो तरी डोळे वटारते. वर माझे कामाचे रबरी हातमोजे चढवते. तिच्या त्या बारीक मनगटावर ते असे दिसतात, की मी हसून हसून बेजार. म्हटलं, अगं, तुला शिकाऊ वायरमन म्हणून नोकरीला ठेवू का? तर म्हणाली, घरात एकतरी काम माझं असू दे.

खरं सांगू, मला बरं वाटलं. आजारी पडल्यापासून ती कशालाच हात लावत नव्हती. माणसाला काहीतरी आपलं लागतं. पण मध्येच माझ्याकडे अशी टक लावून बघते, की मला घरातून निघताना मागे वळून बघावंसं वाटतं. डॉक्टर तिला काही म्हणाले आणि ती माझ्यापासून लपवतेय का? तुला काही बोलली असेल तर सांग. मी खंबीर आहे. नसलो तरी होईन.

फ्यूज

२ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र गुरुवारच्या हातात वेगळं देतेय आणि तुमच्याच हातात द्यायला सांगतेय. तुमचं पत्र मी वाचलं. हे कामावर होते, खोकं माझ्याच हातात आलं. घरातली बिलं, पत्रं मीच उघडते. त्यांना ते दिलं नाही. चुलीत घातलं.

माझ्यावर संतापायच्या आधी ऐका. पाळी हुकली की काय होतं, ते तुम्ही ऐकलंय, मी भोगलंय. छातीत पाणी भरतं. तोंड उघडलं तरी हवा आत जात नाही. ताई, मी फार घाबरते त्याला. तुम्ही लिहिलेला झटका बसला तर बसेल. पाळी चुकली तर ते होणारच. मी जे नक्की आहे त्याला भ्यायले.

यांना कळलं असतं तर त्यांनी त्याच क्षणी मेन पाडला असता. मग माझ्यासमोर बसून माझ्याकडे बघत राहिले असते. ते बघणं मला सोसत नाही. शेवटी पुन्हा त्या डंपरमध्ये घातलं असतं. मी तो डंपर एकदा सोसलाय.

तुमच्याकडे आले असते. पण मला उलट्या होतात, अंगाला खाज सुटते, मी रात्रभर बसून असते. तुमच्या सासूबाईंच्या खाटेशेजारी मी ते सगळं कुठे करू?

म्हणून असं ठरवलं, की जे काही व्हायचं ते माझं व्हावं. गनला त्यांचा हात लागू देत नाही. हातमोजे घालते. तुम्ही दुसरा चार्जर पाठवा, तेवढे दिवस मी निभावून नेते. यांना काही कळवू नका. तुमच्या पाया पडते.

तुमची वहिनी

३ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. पुढच्या गुरुवारपर्यंत थांबले तर मी वेडी होईन. खाणीचा डंपरवाला दुकानात बल्ब घ्यायला आला, त्याच्या खिशात हे कोंबतेय. फक्त तुझ्याच हातात द्यायचं, अशी शपथ घातली आहे.

अगं, काय करून बसलीस! तुला काय वाटतं, तू हातमोजे घातलेस की वीज तुला घाबरेल? आणि माझ्या भावाचं काय होईल, तुला तिथे पडलेली बघून? तो खंबीर होईन म्हणतो. मी त्याला लहानपणापासून ओळखते, तो कसला होतोय.

आत्ता मेन पाड. आत्ता म्हणजे आत्ता. दुकानातल्या भिंतीवर गिऱ्हाइकांना दाखवायला लावलेला चार्जर मी उतरवून ठेवलाय. त्याच्या आतच ती गळती ओळखायची सोय आहे, शिकवणाऱ्या बाईकडून मी तीनतीनदा खात्री करून घेतली. मालकाला अजून सांगितलेलं नाही. उद्या शनिवारी व्हॅन मागितली आहे. बघू म्हणाला. त्याच्या मागे हात धुऊन लागले आहे. व्हॅन मिळाली की मीच येते आणि येताना तुला पाळीला घेऊन येते. उलट्या कर, रात्रभर बसून राहा, सासूबाईंनाही तेवढीच सोबत. आजपासून तुझं काही ऐकणार नाही.

त्याला मी काही सांगणार नाही, ते तुझं तू बघ. पण मेन पाड, वहिनी. माझी एवढी विनवणी ऐक.

ताई

१२ फेब्रुवारी

अहो,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी येईल असं वाटलं नव्हतं. ताईंच्या खोलीत, त्यांच्या सासूबाईंच्या खाटेशी बसून लिहितेय. भेटायच्या वेळेत रोज वॉर्डच्या दारापर्यंत येते आणि परत फिरते. तुम्ही ताईंना विचारता, ती आत का येत नाही. समोर बसून सांगायला तोंड नाही, म्हणून येत नाही.

ताई सांगतात, शुद्धीवर आल्यापासून तुमचं एकच चाललंय. माझं अर्थिंग चुकलं, माझंच वायरिंग चुकलं, ज्याला स्वतःचं घर नीट करता आलं नाही त्याने दुसऱ्यांच्या घरात काय म्हणून हात घालायचा, यापुढे वायरीला शिवणार नाही. काल तुम्ही त्यांना म्हणालात, तिच्याऐवजी मला शॉक लागला हे त्यातल्या त्यात बरं झालं. ते ऐकलं आणि हे पत्र लिहायला घेतलं.

ताई म्हणतात, सगळं माझ्यावर ढकल. चुकीचा आरसीसीबी मी पाठवला, आणि कळवायला उशीर केला, असं सांगायला त्या तयार आहेत. त्यांनी उशीर केला नव्हता. त्यांनी कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पत्र लिहिलं होतं. मेन पाडा, हेच पहिलं वाक्य होतं. ते पत्र मी वाचलं आणि चुलीत घातलं.

का, ते तुम्हाला कळेल. कळलं तरी माफ करा असं म्हणत नाही. मला पाळी चुकवायची नव्हती. तुम्हाला गनपासून लांब ठेवलं की झालं, असं मी धरून चालले. गळती गनमध्ये असेल, असंच माझ्या डोक्यात. अख्ख्या गाडीच्या पत्र्यात वीज उतरेल, हे मला कुठून सुचणार? तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही एका वाक्यात सांगितलं असतं. पण विचारायची सोयच मी ठेवली नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी डंपरवाल्याने ताईंचं दुसरं पत्र दिलं. त्यात पुन्हा तेच, मेन पाड. पण व्हॅन येईल की नाही, ते नक्की नव्हतं. गाडीत शनिवारच्या पाळीपुरतंसुद्धा चार्जिंग नव्हतं. मी म्हटलं, एकच रात्र. आजवर काही झालं नाही, एका रात्रीत काय होणार. आणि गन लावली.

सकाळी मी हातमोजे घ्यायला घरात गेले. तुम्ही तेवढ्यात फडकं घेऊन अंगणात उतरलात, अनवाणी, ओल्या फरशीवर. काच धुक्याने भरली होती, मला रस्ता नीट दिसावा म्हणून तुम्ही ती पुसायला गेलात. मी आवाज ऐकला आणि धावले. तुमचा हात दाराच्या पत्र्यावर होता आणि तुम्ही माझ्याकडे बघत होतात. बोलता येत नव्हतं. मी मेन पाडला. एक खटका खाली ओढायचा, बस. इतके दिवस तो माझ्या हाताच्या अंतरावर होता.

शेजाऱ्यांनी तुमच्या छातीवर दाब दिला. ताईंची व्हॅन आली ती तशीच तुम्हाला घेऊन फिरली. तुम्हाला वरच्या मजल्यावर नेलं आणि मला खालच्या मजल्यावर मशीनला लावलं. तुम्ही जगता की नाही हे कळत नव्हतं, आणि माझं रक्त मात्र चार तास साफ होत होतं. मला त्या मशीनकडे बघवत नव्हतं.

शिकवणाऱ्या बाईने ताईंबरोबर आपल्या घरी जाऊन सगळं तपासलं. ती म्हणाली, त्या खडकात याहून चांगलं अर्थिंग कोणालाच जमलं नसतं, आणि वायरिंगमध्ये खोट नव्हती. बिघाड गाडीच्या आतला होता. तुमचं काम बरोबर होतं. हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं. बाकी माझ्याशी बोलायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

तुमची

१४ फेब्रुवारी

अगं,

हे ताईच्या अक्षरात आहे, कारण माझा उजवा हात अजून माझं ऐकत नाही. ती मध्येमध्ये रडते. खाडाखोड दिसली तर तिची समज.

तुझं पत्र तिने दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा मीच वाच म्हटलं. पहिल्यांदा ऐकताना मला मध्येच काही ऐकू येईनासं झालं होतं.

मी रागावलोय. आरसीसीबीवरून नाही, ताईवरही नाही. तू त्या भीतीत एकटी बसलीस, मला शेजारी ठेवून, याचा राग आहे. तुझ्या हातमोज्यांना मी हसत होतो. तू मला हसू दिलंस! इतके दिवस माझ्याकडे टक लावून बघत होतीस, आणि मी मूर्ख, डॉक्टरांनी काय सांगितलं असेल याचा विचार करत होतो. माझं बघणं तुला सोसत नव्हतं म्हणे. मग तुझं बघणं मी कसं सोसायचं, ते सांग.

माफ केलं असं लिही, म्हणून ताई मला कोपराने ढोसतेय. मी लिहू देणार नाही. एवढ्या लवकर नाही. मी अजून बरेच दिवस रागावणार आहे, घरी गेल्यावरही, या हातात पुन्हा पक्कड धरेपर्यंत आणि त्यानंतरही. त्यासाठी समोर तू हवीस.

उद्या तुझी पाळी आहे. ताई सकाळी लवकर निघायचं म्हणतेय. तयार राहा, उशीर करू नकोस. आणि झाली की दारातून परत फिरू नकोस, आत ये.

फ्यूज